ट्रॅक्टर, बैल आणि लॅम्बोर्गिनी: सुपरकारच्या शोरूममधल्या २१ झकास गोष्टी

"घ्यायची थोडीच आहे, मग नुसतं बघायला कशाला जायचं?" सुपरकारच्या शोरूमचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. पण शंकरपटाला जमलेल्या हजारो माणसांपैकी किती जणांच्या गोठ्यात पटाची जोडी असते? तरी कोणता बैल सुटेल आणि कोणता दमेल, हे सांगणारी नजर मात्र तिथे जवळजवळ प्रत्येकाकडे असते. शोरूममध्येही नेमकी हीच नजर कामी येते. गाडी घेणारा पैसे मोजतो, पारख असणारा ती मनापासून बघतो. दोघांचाही आनंद खरा.

वर्ध्याहून महागड्या जर्मन गाड्या बघायला नागपूर जवळ. फेरारी आणि लॅम्बोर्गिनीसाठी मुंबई गाठावी लागते. रात्री वर्ध्याला सेवाग्राम एक्स्प्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी मुंबई. निघण्याआधी ही शिदोरी बांधून घ्या. यातल्या बऱ्याच गोष्टींचं एक टोक आपल्या जिल्ह्यात किंवा आसपासच सापडतं.

१. आधी ट्रॅक्टर, मग लॅम्बोर्गिनी

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा इटलीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या वाहनांचे भाग जमवून त्याने ट्रॅक्टर बांधले आणि १९४८ मध्ये कंपनी काढली. पैसा आला तशा दारात फेरारी आल्या, पण त्यांचा क्लच वारंवार त्रास द्यायचा. ही तक्रार एन्झो फेरारींच्या कानावर घातली, तर 'ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टरच चालवावा' अशा थाटाचं उत्तर मिळालं. त्या रागातून आपली मोटार जन्मली, असा किस्सा फेरुच्चो सांगत असे. मोटारींची कंपनी निघाली ते साल १९६३. लॅम्बोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर आजही बनतात, मालक मात्र वेगळे आहेत.

२. जेम्स बाँडच्या गाडीवर ट्रॅक्टरवाल्याचं नाव

ॲस्टन मार्टिनच्या डीबी ५, डीबी ११ या नावांतलं 'डीबी' म्हणजे डेव्हिड ब्राउन. हे गृहस्थ इंग्लंडमध्ये गिअर आणि ट्रॅक्टर बनवत. १९४७ मध्ये त्यांनी अडचणीत आलेली ॲस्टन मार्टिन विकत घेतली आणि आपली आद्याक्षरं गाड्यांना दिली. 'गोल्डफिंगर' या १९६४ च्या चित्रपटात बाँडने चालवलेली चंदेरी डीबी ५ जगभर गाजली. ती गाडी बाजारात आली १९६३ मध्ये.

३. पोर्शेचेही ट्रॅक्टर होते!

१९५६ ते १९६३ या काळात 'पोर्शे-डिझेल' नावाचे लाल ट्रॅक्टर जर्मनीत बनत होते. ते थांबले त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शेची नवी स्पोर्ट्स कार झळकली. तिचं नाव होतं ९०१. मध्ये शून्य असलेल्या तीन आकड्यांच्या नावांवर फ्रान्सच्या प्यूजोने हक्क सांगितला आणि ९०१ ची ९११ झाली. म्हणजे लॅम्बोर्गिनीची सुरुवात, डीबी ५ आणि ९११ या तिन्ही गोष्टी एकाच साली घडल्या आणि तिन्हींच्या घरात ट्रॅक्टर होता. जमीन नांगरणारं इंजिन बांधता आलेल्या माणसांनीच पुढे रस्त्यावर उडणारी गाडी बांधली. शेतीच्या जिल्ह्यातल्या माणसाने तर अशा शोरूममध्ये छाती पुढे काढून शिरावं.

४. नागपुरातल्या ट्रॅक्टरची सख्खी बहीण

आपल्या शिवारात दिसणारे महिंद्राचे ट्रॅक्टर नागपुरातही बनतात. संख्येच्या हिशेबात महिंद्रा ही जगातली सर्वांत मोठी ट्रॅक्टर कंपनी. फेरारीच्या टेस्टारोसा, एफ ४० आणि एन्झो या गाड्यांना रूप देणारी इटलीची पिनिनफारिना ही संस्था महिंद्राने २०१५ च्या अखेरीस घ्यायचं ठरवलं. त्यातून पुढे आली 'बातिस्ता' ही विजेवरची हायपरकार. चार चाकांना चार मोटरी, ताकद १,९०० हॉर्सपॉवर, शून्यापासून ताशी १०० किमी वेग २ सेकंदांच्या आत. एकूण गाड्या बनवायच्या ठरल्या फक्त १५०. संस्थेच्या संस्थापकाचं नाव बातिस्ता फारिना, तेच गाडीला मिळालं.

५. एक हॉर्सपॉवर म्हणजे पाऊण क्विंटल

युरोपीय गाड्यांच्या माहितीपत्रकातली एक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद. या हिशेबाने बातिस्ता सेकंदाला १,४२५ क्विंटल माल मीटरभर उचलू शकेल. पुढच्या वेळी सेल्समन आकडा सांगेल तेव्हा त्याला ७५ ने गुणा. आपल्या बाजार समितीच्या भाषेत ताकद लगेच डोळ्यांपुढे उभी राहील.

६. गाड्यांची नावं की बैलांची यादी?

फेरुच्चोची रास वृषभ, म्हणून कंपनीचं चिन्ह बैल. मिउरा हे स्पेनमधल्या झुंजीचे बैल पाळणाऱ्या नामांकित घराण्याचं नाव. इस्लेरो, दियाब्लो, मुर्सिएलागो, अव्हेंतादोर, हुराकान ही सगळी बैलांचीच नावं. मुर्सिएलागो १८७९ मध्ये झुंजीत उतरला. तलवारीचे वार झेलूनही तो उभा राहिला, म्हणून त्याला जीवदान मिळालं अशी कथा सांगतात. तिकडे बैलाचं कौतुक झुंजीच्या आखाड्यात, आपल्याकडे पोळ्याच्या तोरणाखाली. वर्षभर राबलेल्या बैलाला त्या दिवशी कामाला सुट्टी, अंगावर झूल आणि तोंडात पुरणपोळी. सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर विदर्भात प्रसिद्ध. लहान मुलं सजवलेले लाकडी नंदी घेऊन निघतात. ज्या मुलाने तो नंदी ओढला आहे, त्याला लॅम्बोर्गिनीच्या बॉनेटवरचा बैल अनोळखी वाटणार नाही.

७. वर्ध्याचं स्वतःचं स्पोर्ट्स मॉडेल: गवळाऊ

हलकं अंग, लांबोडका चेहरा, पांढरा रंग आणि तरतरीत चाल. गवळाऊ ही गोवंशाची जात मूळची वर्धा, नागपूर, छिंदवाडा या पट्ट्यातली. आपल्या जिल्ह्यात आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांत ती जपली गेली आणि कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं केंद्र आहे. अवजड ओझ्यापेक्षा वेगाच्या वाहतुकीसाठी हे बैल नावाजले गेले. स्पोर्ट्स कार बांधणाऱ्याचं सूत्रही हेच: वजन घटवा, चपळाई वाढवा. शंकरपटात सेकंदासेकंदाचा हिशेब ठेवतात, तोही मोटारींच्या शर्यतीसारखाच. मधल्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतींना वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

८. फेरारीचा घोडा आकाशातून आला

पहिल्या महायुद्धात इटलीचा फ्रान्चेस्को बाराक्का हा वैमानिक आपल्या विमानावर उधळलेला काळा घोडा रंगवायचा. १९१८ मध्ये तो युद्धात मारला गेला. १९२३ मध्ये एन्झो फेरारींनी एक शर्यत जिंकली, तेव्हा बाराक्काच्या आईवडिलांशी त्यांची ओळख झाली. 'माझ्या मुलाचा घोडा तुमच्या गाडीवर लावा, तो शुभ ठरेल,' असं त्या माउलीने सुचवलं. एन्झोंनी घोडा काळाच ठेवला आणि मागे आपल्या मोदेना गावाचा पिवळा रंग भरला. पोर्शेच्या चिन्हातही घोडाच आहे, पण तो श्टुटगार्ट शहराचा. आणि आपल्या दारातली चेतक स्कूटर? तीही महाराणा प्रतापांच्या घोड्याचंच नाव लावते.

९. वर्ध्याच्या रस्त्यावरची 'ऑक्स-फोर्ड'

वर्ध्याच्या मोटारपुराणातलं सगळ्यांत देखणं पान जमनालाल बजाजांचं. त्यांच्याकडे फोर्ड मोटारीचा सांगाडा होता, इंजिनाच्या जागी बैलजोडी जुंपलेली. लोक कौतुकाने तिला 'ऑक्स-फोर्ड' म्हणत. वर्धा आणि सेवाग्रामच्या रस्त्यांवर स्वातंत्र्यलढ्यातली मोठी माणसं ये-जा करत होती, तेव्हाची ही गोष्ट. मऊ गाद्या आणि स्प्रिंगा मोटारीच्या, ओढ गावच्या बैलांची आणि इंधन म्हणजे कडबा! आज दोन वेगवेगळ्या शक्तींवर चालणाऱ्या गाडीला आपण हायब्रीड म्हणतो. जोडकाम करण्याची ती हिंमत वर्ध्याने केव्हाच दाखवली होती.

१०. वर्ध्याच्या पेढीपासून ऑस्ट्रियाच्या रेसकारपर्यंत

बजाज ऑटोची सुरुवात १९४५ मध्ये 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या नावाने झाली. शेठ बछराज म्हणजे जमनालालजींना दत्तक घेणाऱ्या वर्ध्याच्या घराण्याचे कर्ते पुरुष. याच बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षी केटीएमने मोटारसायकली सोडून एक भन्नाट चारचाकी आणली. तिचं नाव एक्स-बो. दार नाही, छप्पर नाही, समोर काचही नाही. दाल्लाराने घडवलेला कार्बन फायबरचा सांगाडा, ऑडीचं दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि वजन जेमतेम ८०० किलो. आर्थिक संकटात सापडलेल्या केटीएमला सावरायला २०२५ मध्ये बजाजच पुढे आली आणि नियंत्रण तिच्याकडे आलं. ज्या पेढीचं मूळ वर्ध्यात, तिची झेप अशी आल्प्सपर्यंत.

११. लाल, हिरवा, निळा, चंदेरी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशादेशांत शर्यती होऊ लागल्या, तेव्हा प्रत्येक देशाला एकेक रंग मिळाला. इटलीला लाल, ब्रिटनला हिरवा, फ्रान्सला निळा. जर्मनीचा आधी पांढरा होता, नंतर चंदेरी झाला. म्हणून फेरारी लाल शोभते, ॲस्टन मार्टिन गडद हिरवी, बुगाटी निळी आणि मर्सिडीज चंदेरी. शोरूममधला रंग बघून गाडीचं माहेर ओळखायचा खेळ मुलांना फार आवडतो.

१२. दरवाजे वर का उघडतात?

दिसायला भारी म्हणून, हे अर्धंच उत्तर. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलचा सांगाडा नळ्यांचा होता आणि त्या नळ्या दोन्ही बाजूंनी बऱ्याच उंचीपर्यंत यायच्या. नेहमीचं दार बसवायला जागाच उरली नाही, म्हणून दार छताला टांगलं आणि उघडल्यावर ते पक्ष्याच्या पंखांसारखं दिसू लागलं. लॅम्बोर्गिनी काउंताशचं कात्रीसारखं दार मार्चेल्लो गांदिनी या डिझायनरने आणलं. त्या गाडीतून मागचं जवळजवळ काहीच दिसत नसे. रिव्हर्स घेताना चालक दार वर करून उंबऱ्यावर बसायचा आणि मागे वळून बघत गाडी काढायचा. आजही लॅम्बोर्गिनीच्या व्ही १२ इंजिनाच्या मोठ्या गाड्यांना हेच दार असतं.

१३. ही गाडी विणलेली आहे

सुपरकारच्या अंगावर काळ्या, तिरप्या चौकड्यांची नक्षी दिसली की जवळ जाऊन बघा. ते कार्बन फायबर आहे आणि ते खरोखर मागावर विणलेलं कापड आहे. दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून अशा विणीमुळे ती तिरपी रेघ उमटते. मग त्यात राळ भरून, दाब आणि उष्णता देऊन ते घट्ट करतात. १९८१ मध्ये मॅकलारेनने कार्बन फायबरचा सांगाडा फॉर्म्युला वनमध्ये आणला, १९९२ च्या मॅकलारेन एफ १ ने तो रस्त्यावर आणला. ताणा-बाणा ओळखणाऱ्या जिल्ह्याला ही वीण समजावून सांगावी लागत नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात १९३८ पासून चरखे आणि खादीची अवजारं मांडलेली आहेत. चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस १९२९ मध्येच जाहीर झालं होतं. कमी वजनात जास्त काम हा ध्यास तिथेही होता.

१४. इंजिनाभोवती खरं सोनं

त्याच मॅकलारेन एफ १ च्या इंजिनाच्या कप्प्याला सोन्याचा पातळ वर्ख लावलेला असतो. मिरवायला नव्हे, तर सोनं उष्णता फार चांगली परतवतं म्हणून. चालकाची जागा बरोबर मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थोडं मागे एकेक प्रवासी. अशा फक्त १०६ गाड्या बनल्या. १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किमी गाठले, तेव्हा रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

१५. चामडं वाटतं, पण चामडं नव्हे

स्टिअरिंगवर हात ठेवला की मखमली स्पर्श होतो. ते बऱ्याचदा अल्कांतारा असतं. १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी ते शोधलं. चामड्यापेक्षा हलकं, हातातून न निसटणारं आणि प्राण्याच्या कातड्याशिवाय बनलेलं. कोणताही जीव न घेता चामड्याचं काम व्हावं, हा विचार वर्ध्याला जुना आहे. गांधीजींच्या काळात नालवाडीला आपोआप मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर काम करणारं चर्मालय चालत होतं.

१६. टायर वाचायला शिका

टायरच्या कडेला आकड्यांच्या शेवटी एक रोमन अक्षर असतं. टायर जास्तीत जास्त किती वेग सोसेल, ते हे अक्षर सांगतं. 'जे' म्हणजे ताशी १००, 'एच' म्हणजे २१०, 'व्ही' म्हणजे २४०, 'डब्ल्यू' म्हणजे २७०, 'वाय' म्हणजे ३००. आणि 'वाय' कंसात असेल तर ३०० च्याही वर! शेजारी चार आकड्यांचा शिक्का असतो. २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे वाचन शोरूमपुरतं ठेवू नका. घरच्या गाडीचा टायर किती जुना झाला, तेही आजच बघा.

१७. ११ मिनिटांत नागपूर, आणि टाकी रिकामी

२००५ ची बुगाटी व्हेरॉन: १६ सिलिंडर, ४ टर्बो, गरम इंजिन थंड ठेवायला १० रेडिएटर, ताकद १,००१ हॉर्सपॉवर, वेग ताशी ४०७ किमी. या वेगाने वर्धा ते नागपूर हे पाऊणशे किलोमीटरचं अंतर साधारण ११ मिनिटांत संपेल. गंमत पुढे आहे. पूर्ण वेगात तिची १०० लिटरची टाकी १२ मिनिटांच्या आसपास रिकामी होते. म्हणजे नागपुरात शिरताच पहिला थांबा पेट्रोल पंपाचा! पुढे २०१९ मध्ये बुगाटीच्याच शिरॉनने चाचणीच्या धावपट्टीवर ताशी ४९० किमीची रेषाही ओलांडली.

१८. दारातून गेलेली ७०१ किलोमीटरची पट्टी

समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो. येळाकेळी आणि विरूळला त्यावर चढता येतं. नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. रस्त्याची रचना ताशी १५० किमीला सोसेल अशी, पण मोटारींसाठी परवानगी १२० ची. ती मर्यादा पाळायचीच. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ जण गेले, त्यांत वर्ध्याचीही माणसं होती. वेगाची खरी हौस फेडायला बंद ट्रॅक असतो. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा वेगवान ट्रॅक २०२१ पासून सज्ज आहे.

१९. गतिरोधक आला की नाक वर!

भारतीय रस्ते परिषदेच्या मानकात गोलाकार गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. सुपरकारचं पोट जमिनीपासून साधारण १० ते १३ सेंटीमीटर वर असतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत एक बटण देतात. ते दाबलं की गाडीचं नाक चारेक सेंटीमीटर वर उचललं जातं. पोर्शे ९११ च्या काही मॉडेलमध्ये तर गाडी ती जागा उपग्रहाच्या मदतीने लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी नाक आपोआप वर करते. शोरूममध्ये हे बटण दाबून दाखवायची विनंती जरूर करा. सेल्समनही खूश होतात.

२०. सचिनची लाल फेरारी आणि होळकरांची नारिंगी डुसेनबर्ग

२००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरने २९ वं कसोटी शतक ठोकून ब्रॅडमनशी बरोबरी केली. फियाटतर्फे त्याला फेरारी ३६० मोदेना मिळाली आणि ती सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरच्या हातून. गाडी भारतात आणताना सुमारे १.१३ कोटी रुपयांच्या आयात शुल्काचा प्रश्न देशभर गाजला आणि अखेर ते शुल्क फियाटने भरलं. पुढे ती गाडी सुरतला गेली. २०१२ च्या 'फेरारी की सवारी' या चित्रपटात अख्खी गोष्ट सचिनच्या फेरारीभोवतीच फिरते.

त्याच्या कितीतरी आधी इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी अमेरिकेच्या डुसेनबर्गकडून १९३५ च्या सुमाराला एक दोन आसनी एसजे स्पीडस्टर घेतली. सुपरचार्जर लावलेलं इंजिन, कंपनीने सांगितलेली ताकद ३२० हॉर्सपॉवर, लंडनच्या गर्नी नटिंगने घडवलेली नारिंगी-काळी काया. जगातल्या नामांकित जुन्या गाड्यांच्या यादीत ती आजही होळकरांच्या नावाने ओळखली जाते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक तर आजही शाही दसऱ्याला बाहेर निघते आणि लोक तिला बघायला गर्दी करतात.

२१. आपल्या मातीतल्या स्पोर्ट्स कार

१९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी, छप्पर उघडणारी, फायबरच्या अंगाची गाडी बनू लागली. इंजिन रेनोचं, रेखाटन फ्रेंच. २०१२ च्या वाहन प्रदर्शनात दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने अवंती दाखवली. तिचं इंजिन चालकाच्या पाठीमागे होतं, अगदी इटालियन गाड्यांसारखं. २०१८ मध्ये मुंबईच्या वझिरानी ऑटोमोटिव्हने शूल ही हायपरकार इंग्लंडमध्ये गुडवुडच्या जत्रेत मांडली. संख्या थोडी असेल, पण हातांना हुन्नर आहे, हे या तिन्ही गाड्यांनी दाखवून दिलं.

शोरूममध्ये जाताना

• आधी फोन करा. सकाळी उघडल्या उघडल्या किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी गर्दी कमी असते आणि माणसं निवांत बोलतात.

• खरं तेच सांगा: "मी गाड्यांचा चाहता आहे, बघायला आलो आहे." या वाक्यात कमीपणा काही नाही. शोरूममधली बरीच मंडळी स्वतः गाड्यांच्या वेडापायीच या कामात आलेली असतात.

• पाठीवरची सॅक, पट्ट्याचं मोठं बक्कल, हातातलं कडं, खिशाबाहेर लोंबणाऱ्या किल्ल्या यांनी रंगावर ओरखडा उठतो. ते सगळं आधीच काढून ठेवा.

• विचारल्याशिवाय दाराला हात लावू नका. बसायला सांगितलं तर आधी बैठकीवर टेका, मग पाय आत घ्या. बुटक्या गाडीत शिरायची हीच सोपी रीत.

• फोटोला परवानगी घ्या. सर्व्हिसिंगला आलेल्या ग्राहकाच्या गाडीचा नंबर फोटोत येऊ देऊ नका.

• नमुन्यांची भिंत बघायला विसरू नका. रंगाच्या पट्ट्या, कातड्याचे तुकडे, शिलाईचे दोरे, कार्बनच्या विणी, सगळं तिथे हाताळता येतं. गाडीपेक्षा जास्त वेळ तिथे जातो.

• प्रश्न विचारा. इंजिन पुढे, मध्ये की मागे? वजन किती? नाक उचलणारं बटण आहे का? टायरवर अक्षर कोणतं? उत्तर देणाऱ्याचा चेहरा खुलतो आणि पाच मिनिटांची भेट तासभर रंगते.

• मुलांना सोबत न्या, मुलींना तर आवर्जून. आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, देवळीच्या शाळांत आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या पोरांनी ही यंत्रं चित्रात नव्हे, हातभर अंतरावरून बघायला हवीत. वेल्डिंगचा सांधा कसा दिसतो, दोन पत्र्यांमधली फट किती सारखी आहे, दार लागताना आवाज कसा येतो, हे एकदा जवळून अनुभवलं की कामाचा दर्जा म्हणजे काय ते कळतं. ते कळलेलं मूल उद्या बैलगाडीचं चाक दुरुस्त करो की रॉकेटचं इंजिन, काम चोखच करेल.